एकविसावं घराणं आणि आमचे टाक

सासूबाई साताऱ्याहून दुबईला आल्या तेव्हा आमचं कुलदैवत त्यांच्या पर्समध्ये होतं. चांदीच्या पत्र्यावर ठसवलेले देवांचे पाच टाक, लाल फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डबीत ठेवलेले. ती पर्स त्यांनी विमानात वरच्या कप्प्यातही ठेवू दिली नाही. वय झालं की टाक थोरल्या मुलाच्या घरी सोपवायचे, ही आमच्याकडची रीत. त्या ती पाळायला आल्या होत्या. पण थोरल्या मुलाचं घर नेमकं कुठलं, इथेच गाडं अडलं.

कारण आमची घरं दोन. नवरा खाली दक्षिणेला अबुधाबीत एका तेल कंपनीच्या कंत्राटावर, मोहम्मद बिन झायद सिटीत एका व्हिलाच्या दोन खोल्यांत राहतो. मी आणि मुलगी इकडे दुबईत अल कुसैसला, कारण माझी लॅब इथली आणि तिची शाळा घरापासून दहा मिनिटांवर. शुक्रवारी संध्याकाळी एक तर तो इकडे येतो, नाहीतर आम्ही तिकडे जातो. हे सात वर्षं चाललं होतं आणि झकास चाललं होतं. सासूबाई आल्या त्याच वर्षी मी रक्ततपासणीच्या लॅबची इन्चार्ज झाले होते. हाताखाली चौदा माणसं. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते.

सासूबाईंना मात्र हे पटत नव्हतं. "दुसरे टाक करायचे ते भाऊ वेगळे झाल्यावर," त्या पहिल्याच संध्याकाळी म्हणाल्या. "तुमचं काही वेगळं झालेलं नाही ना? मग घर एक करा. लोक मला विचारतात, सूनबाई वेगळी का राहते म्हणून. मी काय सांगायचं? जायच्या आधी मला टाक देव्हाऱ्यात बघायचेत."

घर एक करा म्हणजे काय, हे सांगायला ज्योतिषी नको होता. नवऱ्याचं काम हलणार नव्हतं, म्हणजे हलायचं मी. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "बघू, इन्शाल्ला." बारा वर्षं अबुधाबीत काढून या माणसाला एवढंच अरबी नीट येतं. मला इतका राग आला की मी उठून ओटा पुसायला घेतला. ओटा आधीच पुसलेला होता.

डबी फ्रीजवर जाऊन बसली आणि तीन आठवडे तिथेच राहिली.

त्याच दिवसांत मुलीच्या शाळेत, सातवीच्या वर्गाला, प्राचीन इजिप्तचं प्रदर्शन करायचं होतं. विषय चिठ्ठ्या टाकून वाटले. तिच्या मैत्रिणीला पिरॅमिड आले, दुसरीला सोन्याच्या मुखवट्याचा तो पोरसवदा राजा. आमच्या वाट्याला इजिप्तच्या राजांचं एकविसावं घराणं. ती दप्तर फेकून म्हणाली, "मम्मा, नोबडी नोज देम. दे हॅव नो पिरॅमिड."

"चिठ्ठीत आलं ते आपलं," मी म्हणाले, पण मनातून मीही खट्टू झाले होते. मग आम्ही दोघी जेवणाच्या टेबलावर वाचायला बसलो आणि दोन दिवसांत माझं मत पार बदललं.

साधारण तीन हजार वर्षांपूर्वीची गोष्ट. इजिप्तची सत्ता दोन जागी वाटली गेली होती. उत्तरेला, नाईलच्या मुखाकडे, तानिस शहरात राजा. दूर दक्षिणेला थीब्जमध्ये आमून देवाचा मुख्य पुजारी, आणि तो नुसता पूजा करणारा नव्हे, सैन्य बाळगून दक्षिण चालवणारा. पुस्तकं या काळाला पडता काळ म्हणतात. पण पुढे वाचलं तर कळतं, एका वेळी उत्तरेतला राजा आणि दक्षिणेतला पुजारी सख्खे भाऊ होते. राजाच्या लेकी दक्षिणेत दिलेल्या. जुन्या राजधानीजवळची नदी गाळाने भरली, तर या लोकांनी तिथले दगड, खांब, पुतळे उचलून आणून तानिस उभं केलं. आणि आपला देव दक्षिणेत राहिला म्हणून रडत न बसता, त्याच देवाचं दुसरं मंदिर उत्तरेत बांधलं. एक राजा तर चांदीच्या शवपेटीत पुरलेला सापडला, आणि त्यांच्याकडे चांदी मिळणं सोन्याहून अवघड. मला त्या लोकांचा अभिमान वाटायला लागला. माझा त्यांच्याशी काय संबंध, पण वाटायला लागला खरा.

प्रदर्शनाच्या दिवशी मी अर्धी रजा टाकली. सासूबाई नऊवारी नेसून, मोत्याच्या कुड्या घालून आल्या. हॉलभर पुठ्ठ्याचे पिरॅमिड उभे होते. आमच्या टेबलावर निळ्या कागदाची नाईल, तिच्या दोन टोकांना दोन शहरं, फॉइल गुंडाळलेली शवपेटी. आणि उत्तरेतल्या मंदिराच्या आत ओळीने मांडलेले आमचे पाच टाक.

सासूबाईंनीही ते पाहिलेच. देव्हारा न मिळालेले त्यांचे देव थर्मोकोलवर, फेविकॉलच्या बाटलीशेजारी बसले होते. त्यांचा हात पर्सच्या बंदावर घट्ट झाला. मी मुलीकडे डोळे वटारले. ती पुटपुटली, "आय नीडेड रिअल सिल्व्हर."

मी टाक उचलणार, तेवढ्यात परीक्षक आल्या. शाळेतल्या इजिप्शियन बाई, अरबी शिकवणाऱ्या. तानिसचं नाव वाचून त्यांचा चेहरा उजळला. त्यांचं माहेर तिथून जवळच. सगळं नीट पाहून त्यांनी इंग्रजीत विचारलं, "पण दोन ठिकाणी सत्ता वाटली की राज्य दुबळं होतं. मग खरं घर कोणतं, उत्तरेतलं की दक्षिणेतलं?"

मुलीने आजीकडे पाहिलं आणि इंग्रजीतच बोलायला लागली.

"काय म्हणते?" सासूबाईंनी मला कोपराने ढोसलं. "नीट सांग. काही गाळू नकोस."

मग मी हलक्या आवाजात सांगत गेले. "ती म्हणते, घर एकच होतं, पत्ते दोन होते. म्हणते, ते एकमेकांशी भांडले नाहीत, दोघांनी मिळून शंभरावर वर्षं देश सांभाळला." इथे परीक्षक बाईंनी टाकांकडे बोट दाखवून, हे काय, असं विचारलं. "ती म्हणते, हे माझ्या आजीचे देव. आमचेही पत्ते दोन आहेत. लोकांना वाटतं आमचं घर तुटलंय. तुटलेलं नाही."

मी गप्प झाले. सासूबाई गप्प होईनात. "आणखी काहीतरी म्हणाली शेवटी. नॉर्थ का काय."

ते मला खरंच गाळायचं होतं. मुलगी म्हणाली होती, "माय मॉम रन्स द नॉर्थ."

"म्हणाली, माझी आई उत्तर सांभाळते," मी सांगितलं. चौदा माणसांची इन्चार्ज झाले त्या दिवशीही मला एवढं मोठं वाटलं नव्हतं.

परीक्षक बाई पुढे गेल्यावर सासूबाईंनी एकेक टाक उचलला, पदराने पुसला आणि डबीत ठेवला. बक्षीस पिरॅमिडला मिळालं. घरी येताना गाडीत मी मनात राजीनाम्याचा मेल लिहीत होते.

शुक्रवारी नवरा आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "चला, सोनाराकडे जायचंय." बर दुबईत सांगलीकडचे एक कारागीर आहेत. सासूबाईंनी डबी उघडून त्यांच्यासमोर ठेवली. "असेच पाच नवे करून द्या."

कारागिराने टाक हातात घेतले, कपाळाला लावले आणि जपून विचारलं, "वाटण्या झाल्या का, मावशी?" आमच्याकडे नवे टाक म्हटलं की हेच विचारतात.

नवरा खाली बघायला लागला.

"वाटण्या कशाला होतील?" सासूबाई म्हणाल्या. "राज्य वाढलंय."

त्या निघायच्या आदल्या दिवशी अल कुसैसच्या आमच्या हॉलमध्ये पाटावर दहा टाक शेजारी शेजारी मांडून त्यांनी पूजा केली. मग नवे पाच फडक्यात बांधून नवऱ्याच्या हातात दिले.

"आई, जुने थोरल्याकडे ना?" तो म्हणाला.

"तू नवे घेऊन जा," सासूबाई म्हणाल्या. "जुने उत्तरेत राहतील."