माती चाखणारे मिस्त्री

मिस्त्री माती चाखून बघायचे. वाघोलीच्या प्लॉटवर पहिल्याच दिवशी त्यांनी चिमूटभर माती तोंडात टाकली, दाताखाली घोळवली आणि थुंकून सांगितलं, "मॅडम, लय चिकट हाय. मुरूम मिसळा, नाई त भिंत तडकते." मी आर्किटेक्ट. माझ्या हातात त्याच मातीचा प्रयोगशाळेतला अहवाल होता. चार पानं खर्चून त्यात हेच लिहिलं होतं.

घर खराडीत नोकरी करणाऱ्या एका जोडप्याचं. त्यांना मातीचंच हवं होतं, आणि मातीची भिंत घालणारा माणूस मला पुण्यात सापडत नव्हता. मिस्त्री यवतमाळकडचे. विश्रांतवाडीत राहून ते टॉवरच्या कामांवर प्लास्टर करायचे. गावाकडची विद्या त्यांना इथे कुणी विचारतच नव्हतं.

नकाशा त्यांनी कधी धड पाहिला नाही. कागद उलटा धरून पहिला प्रश्न, "घरात म्हातारं मानूस हाय ना? मंग ते बसन कुठं?" मी दोन गाड्यांची जागा काढली होती, घरातल्या आजींची नाही. निमूटपणे एक गाडी पुसली आणि दारापुढे ओटा काढला. पुढच्या एप्रिलमध्ये मालकीणबाईंचा फोन आला, भर दुपारीही पंख्याची गरज पडत नाही म्हणून. तेव्हापासून मी प्रत्येक घर मिस्त्रींना विचारून काढू लागले.

मग एक दिवस ते ऑफिसात आले ते स्वतःच्या घराचा नकाशा मागायला. मुलाचं लग्न जमत नव्हतं. गावाकडचं, वडिलांनी बांधलेलं मातीचं घर पाडून तिथे स्लॅबचं उभं करायचं होतं. मी चिडले. थंडावा, परंपरा, सगळं ऐकवलं. त्यांनीच शिकवलेलं त्यांनाच. त्यांनी शांतपणे चहा संपवला.

"तुमच्या गिऱ्हाइकानं मातीचं बांधलं त लोक पाहाले येतात. मी बांधलं त पोरगी देत नाईत."

मला लाज वाटली. आठवड्याभरात स्लॅबचा नकाशा काढून दिला आणि त्या घरावर मुलाचं लग्न जमलंही.

मे महिन्यात लग्नाला गेले. स्लॅबखाली अंगाची लाही होत होती, आणि मुलीकडची मंडळी घाम पुसत घराची तारीफ करत होती. मिस्त्री मला मागच्या दाराने गोठ्यात घेऊन गेले. नवी कोरी मातीची भिंत, हातभर जाड, आत गारवा. पाडलेल्या घराचीच माती वापरली, म्हणाले. बैलांशेजारी त्यांची स्वतःची खाट होती.

"इथं कोनी सोयरीक जोडाले येत नाई, मॅडम."

मी बराच वेळ त्या भिंतीला हात लावून उभी होते. इतक्या वर्षांच्या कामात एवढी चांगली भिंत मी कुणालाच बांधून दिलेली नाही.