मे महिन्यातली मुलं

आमच्या स्टाफरूममधल्या मुलांचे वाढदिवस मे महिन्यात येतात. कायमच्या प्राध्यापकांच्या मुलांचे नव्हेत. त्यांची मुलं कधीही जन्मतात, गणपतीत, नाताळात, ऐन परीक्षेतसुद्धा. मी सांगतेय ते आमच्या कोपऱ्यातल्या टेबलाबद्दल. आम्ही तासिका तत्त्वावरच्या बायका. शिकवलेल्या तासाचे पैसे मिळतात, न शिकवलेल्याचे मिळत नाहीत. दिवाळी, जोतिबाची यात्रा, कुणा पुढाऱ्याच्या निधनाची सुट्टी, जिल्हा बंद, सगळ्या गावाला आनंद आणि आम्हाला खाडा. एप्रिलमध्ये आमची नेमणुकीची ऑर्डर संपते. जुलैमध्ये पुन्हा मुलाखत. ज्या कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवलं तिथेच खुर्चीच्या टोकावर बसायचं आणि ज्यांच्यासोबत रोज चहा पितो त्यांना स्वतःची ओळख करून द्यायची. मधल्या महिन्यांत आम्ही कुणाचेच कुणी नसतो. बाळंत व्हायला तेवढीच काय ती मोकळीक.

म्हणून मे. मेमध्ये मूल व्हायचं तर ऑगस्टमध्ये दिवस जायला हवेत. ऑर्डर हातात पडते तीही त्याच सुमारास. आमच्या टेबलावर यावरून चिकार विनोद व्हायचे. बाकीच्यांचा श्रावण उपवासात जातो आणि आपला घाईत, असं एक जण म्हणायची, आणि नवीन लग्न झालेल्या मुली लाजून डबा उघडायच्या. पण ज्यांना त्या एका महिन्यात जमत नसे त्यांना हसू येत नसे. त्यांचं पुढच्या श्रावणावर जायचं. माझं असं किती श्रावणांवर गेलं ते मी मोजत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "अहो, शरीर काही टाइमटेबल बघून चालत नाही." मला त्यांचा राग आला होता. त्यांना बोलायला काय जातंय.

माझे यजमान शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत आहेत, कास्टिंग तपासायच्या कामावर. ते कायम आहेत. त्यांना हक्काच्या रजा आहेत, आणि त्या रजा कशा साठतात, मालकाला त्या का नाकारता येत नाहीत, हे सगळं मी बी.कॉम.च्या मुलांना शिकवते. माझा विषय औद्योगिक कायदे. घरी आम्ही यावरून एकमेकांची थट्टा करायचो. ते म्हणायचे, "माझ्या रजा पडून आहेत, त्यातली थोडी तू घे की."

आणि मग नको त्या वेळी दिवस राहिले. एप्रिलमध्ये. कळलं तेव्हा मी आधी बोटांवर महिने मोजले, आणि बोटं संक्रांतीशी येऊन थांबली. दुसऱ्या सत्राच्या बरोबर मध्यात. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते आलं होतं, आणि मी संडासाच्या दाराला टेकून टाइमटेबल आठवत होते. आनंद झाला, नाही असं नाही. पण तो भीतीच्या मागून आला आणि शेवटपर्यंत मागेच राहिला.

जुलैच्या मुलाखतीत कुणाला काही कळलं नाही. ऑर्डर मिळाली. पुढे थंडी पडली तशी मी शाल घ्यायला लागले, पदर मोठा सोडायला लागले. सासूबाई पन्हाळ्याच्या पायथ्याच्या. त्यांच्याकडे घरात सातवा महिना लागला की वाडीभर आमंत्रण. मी म्हटलं, डोहाळजेवण करू, पण घरातल्या घरात, आणि फोटो कुणी कुठे टाकायचे नाहीत. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"का गं? चोरी केलीयास व्हय? लगीन झाल्यालं हाय, नवरा बसलाय हितं."

"कॉलेजात कळलं तर तास जातील, आई."

"प्वार हुतंय म्हणून तास जात्यात? ही कसली साळा म्हणायची?"

 दार लावून, टीव्ही मोठा करून माझी ओटी भरली. त्यांनी माझ्या हातात हिरवा चुडा भरला आणि बजावलं, बाळंत होईपर्यंत काढायचा नाही. मी काढला नाही. दुसऱ्या दिवशी बाजारातून लांब बाह्यांचे दोन ब्लाउज आणले आणि फळ्यावर लिहिताना हात खांद्याच्या वर न्यायचा नाही अशी सवय लावून घेतली.

नंतर लपेना. तेव्हा मी स्वतःच ऑफिसात गेले. आमचे कार्यालयीन अधीक्षक कोल्हापुरातल्या पेठेतले, बोलायला तोफ, मनाने वाईट नाहीत. त्यांनी शिपायाला सांगून मला आधी पाणी दिलं. मी म्हटलं, प्रसूती रजेचा कायदा कंत्राटी बाईलाही लागू आहे, मी तोच शिकवते. ते म्हणाले, "शिकवा की, कोण न्हाय म्हणतंय? पर रजा माणसाला असती, मॅडम. आमच्याकडं तुमी माणूस म्हणून न्हाईच. तुमचे तास हाईत फकस्त. तासाला कुठली रजा देऊ? तुमीच सांगा." ते थट्टा करत नव्हते. खरोखरच विचारत होते.

कोर्टात जाता येतं. तेही मी शिकवते. कोर्टात गेलेल्या बाईला पुढच्या जुलैत मुलाखतीला कोण बोलावतं, ते मात्र पुस्तकात नाही.

टेबलावर माझ्या शेजारी बसणारी एक मैत्रीण होती. माझाच विषय, माझ्यासारखीच तासांवर. आम्ही दोघी एका कप्प्यात पर्स ठेवायचो. ती म्हणाली, "तुझे तास मी घेते गं. तू मार्चमध्ये ये, तुझे तुला परत." तिच्या मनात काही नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं आणि आजही माहीत आहे. पण तास जो घेतो त्याच्या नावावर चढतो, आणि एकदा चढलेलं नाव आमच्याकडे कुणी उतरवत नाही. मी तिला म्हटलं, बघू. मनात ठरवलं होतं, कळा येईपर्यंत शिकवायचं.

कळा डिसेंबरातच आल्या, कितीतरी आधी. मुलगी झाली. रडलीसुद्धा नीट नाही. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, औषधापेक्षा आईची ऊब कामाला येते, उघड्या छातीवर धरून बसायचं, जितका वेळ धराल तितकं चांगलं. दर दोन तासांनी दूध. हे सगळं मला समजत होतं. त्याच वेळी हेही समजत होतं की माझे तास रिकामे जाताहेत, आणि रिकामा तास फार दिवस रिकामा ठेवत नाहीत.

टाके ओले असतानाच मी कामावर गेले.  यजमानांनी साठलेल्या सगळ्या रजा काढल्या. मी कॉलेजात असताना ते शर्ट काढून खुर्चीत बसायचे आणि सिस्टर लेकीला त्यांच्या छातीवर ठेवायच्या. एवढा फाउंड्रीतला माणूस, खोकला आला तरी दाबून धरायचा, ती दचकेल म्हणून. रजा त्यांना होती म्हणून छाती त्यांची. दूध मात्र माझ्याकडे होतं, आणि दवाखाना कोल्हापुरात, कॉलेज वारणानगरला, मी मधल्या रस्त्यावर एसटीत असायचे, पुढे उसाच्या ट्रॉल्यांची रांग. तो हंगाम त्यांचाच. एकेका ट्रॉलीच्या मागे गाडी रांगायची आणि मी खिडकीच्या गजावर कपाळ टेकून त्या ड्रायव्हरला मनातल्या मनात नाही नाही त्या शिव्या द्यायचे.

त्या आठवड्यात शिकवायचं प्रकरण होतं प्रसूती लाभाचं. ते पुढे ढकलता आलं असतं, पण अंतर्गत परीक्षा जवळ होती. मी फळ्यावर लिहिलं, सव्वीस आठवडे, पगारी. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. तिची आई ठेकेदाराकडून एका कारखान्यात झाडलोटीला जायची.

"मॅडम, ठेकेदाराकडच्या बाईला पन मिळती का ही रजा?"

"कायद्याने मिळते."

"मग तुमाला?"

मी खडू खाली ठेवला. त्याच वेळी मला पान्हा फुटला. बाळाची दुधाची वेळ झाली होती, आणि शरीराला ती बरोबर कळते, इतक्या लांबूनही कळते. पदर भिजला. पुढच्या बाकावरच्या मुलांनी पाहिलं आणि माना खाली घातल्या. आमच्या कॉलेजातली पोरं अशी गप कधी होत नाहीत. शेवटी तीच मुलगी पुढे आली, स्वतःची ओढणी माझ्या खांद्यावर टाकली आणि हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, तुमी जावा. दार लावून घेतो. आमी गप बसतो, कुनाला कळनार न्हाय. तास तुमचाच लागंल."

मी नको म्हणायला हवं होतं, असं लोक म्हणतील. म्हणू देत. मी गेले. तो दिवसाचा शेवटचा तास होता, तो सोडला की आधीची गाडी मिळायची. दुसऱ्या दिवशी मी अर्धा तास शिकवलं, भराभर, श्वास न घेता, आणि पोरांनी स्वतःहून दार लावून घेतलं. तिसऱ्या दिवशीही तसंच. मी दवाखान्यात पोचायचे, यजमान खुर्चीतून उठायचे, मी बसायचे. लेक माझ्या कातडीला लागली की तिचा श्वास सरळ व्हायचा. ते मला दिसायचं. त्या पोरांमुळे मिळालेल्या वेळातच ती पहिल्यांदा स्वतः ओढून दूध प्यायली.

पुढे एका दुपारी मी गाडीत होते, समोर ट्रॉली, आणि फोन वाजला. तीच मुलगी होती. ती रडत होती.

"मॅडम, आमचं चुकलं. आमी लई गप बसलो."

प्राचार्य व्हरांड्यातून चालले होते. त्या वर्गातून एरवी गोंगाट येतो, बाक वाजतात, कुणीतरी कुणाला हाक मारत असतो. त्या दिवशी चिडीचूप. इतका शांत वर्ग त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता, म्हणून कौतुकाने दार उघडलं. जरा दंगा केला असता तर ते तसेच पुढे गेले असते. पोरांनी माझ्यासाठी जीव तोडून शांतता राखली आणि तीच नडली.

प्राचार्य मला रागावले नाहीत. रागावले असते तर मला भांडता आलं असतं. त्यांनी बसायला सांगितलं, बाळाची चौकशी केली आणि म्हणाले, "आपण आता आराम करा मॅडम. बाळ महत्त्वाचं." आम्हाला कामावरून काढत नाहीत. काढण्यासारखं काही नसतंच. आराम करा म्हणतात. दुसऱ्या दिवशी टाइमटेबलमध्ये माझ्या तासांपुढे माझ्या मैत्रिणीचं नाव होतं. तिने संध्याकाळी फोन केला.  "पर्स न्यायची राहिलीये तुझी," ती म्हणाली. कप्प्यात राहिली होती ती पर्स नव्हती, पावसाळ्यातली छत्री होती.

लेक घरी आली. जगली. आता घरभर धावते आणि आजीच्या पिशवीतल्या शेंगा पळवते. सासूबाई तिला डिसेंबरची म्हणून कौतुकाने थंडीची बाहुली म्हणतात. पुढच्या जुलैत मी मुलाखतीला गेले. मधल्या खंडाचं कारण त्यांनी विचारलं, मी सांगितलं, सगळ्यांनी समजल्यासारख्या माना हलवल्या. यादीत नाव आलं नाही. त्यानंतरच्या जुलैतही नाही. मी घरी शिकवण्या घेते, आणि रात्री भाकरी थापताना कधीकधी कलमं पाठ म्हणते, विसरू नयेत म्हणून. कुणासाठी ते विचारू नका.

गेल्या महिन्यात मैत्रिणीचा फोन आला. लग्नाला बरीच वर्षं झाली तिच्याही, तिचेही श्रावण असेच गेलेले.  "राहिलं गं," ती म्हणाली. "पण चुकीच्या महिन्यात. तारीख फेब्रुवारीची देताहेत. कुणाला सांगितलं नाही अजून, तुलाच पहिल्यांदा सांगतेय. काय करू मी?"

मी पिठाच्या हाताने फोन धरला होता. लेक पायाशी खेळत होती. बोलायच्या आधी माझं गणित सुरू झालं होतं. फेब्रुवारी. म्हणजे जानेवारीपासून तिचे तास रिकामे. म्हणजे कुणीतरी लागणार. विषय माझा, ऑफिसात माझा नंबर आहे.

"ऐकतेयस ना?" ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं, "अभिनंदन." अभिनंदन मला त्या हिशेबानंतर सुचलं होतं, आणि तिला ते कळलं असणार. माझे तास तीच घेत होती, तिलाही मोजता येत होतं.