लेखकरावांनी लिहिलेला बाप

माझा धाकटा भाऊ कादंबरीकार आहे. हे तुम्हाला माझ्याकडून कळायची गरज नाही, तो स्वतःच सांगतो. दूधवाल्याला सांगतो. दाताच्या डॉक्टरला, तोंडात हत्यारं असताना, सांगतो. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तो खिडकीवर बसून तक्रारी नोंदवून घेतो, तिथे एखादी बाई चार दिवस नळाला पाणी नाही म्हणून रडकुंडीला आलेली असली तरी हा तिला विचारणार, "तुम्ही काही वाचता का?" मी त्याला लेखकराव म्हणते. त्याला तो मान वाटतो, म्हणजे बघा.

मी शिवणकाम करते, शाळेच्या गणवेशांचं. पुढच्या खोलीत माझं मशीन आणि मागच्या खोलीत बाबा. बाबा घड्याळजी. चौकात कपाटाएवढं दुकान होतं त्यांचं, तिथे डोळ्याला भिंग लावून त्यांनी पन्नास वर्षं लोकांची घड्याळं चालती ठेवली. त्याच डोळ्यांत पुढे दाब वाढला आणि नजर गेली. आता त्यांना उजेड कुठे आहे तेवढं कळतं. पण बोटं शाबूत आहेत. माझी बटणं नुसती चाचपून आकाराप्रमाणे डब्यांत लावतात, एक चुकत नाही.

तर लेखकराव. पहिली कादंबरी त्यांनी कचेरीतल्या पाठकोऱ्या अर्जांवर लिहिली. नायक एक तेजस्वी तरुण कारकून, आणि भोवती सगळी गाढवं. हेडक्लार्कने त्या वर्षी याची रजा नाकारली होती, म्हणून चौथ्या प्रकरणात हेडक्लार्कला मूळव्याध. दुसरी कादंबरी वाचनालयातल्या एका मुलीने नाही म्हटल्यावर लिहिली. त्यात नायिका क्षयाने चाळीस पानं खोकते आणि नायकाची माफी मागून मरते. ती मुलगी आज तीन पोरांची आई आहे, ठणठणीत आहे, परवाच माझ्याकडे गणवेशाची मापं देऊन गेली. तिसरीच्या वेळी याचं मेहुण्याशी वाजलं होतं, त्यामुळे त्या पुस्तकातला खलनायक लंगडा. मेहुण्याचे दोन्ही पाय उत्तम आहेत. आमच्या घरात कुणी याच्याशी वाद घालायला लागलं की मी आधीच सांगते, जपून, पुढच्या पुस्तकात तुझा एखादा अवयव जाईल.

ती तिन्ही पुस्तकं कुणी वाचली नाहीत. भावजयीनेसुद्धा नाही, आणि ती बिचारी डब्यावरचं लेबल असलं तरी वाचते. लेखकरावांचं म्हणणं, लोकांची तयारी नाही. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

मग एकदा तो कुठल्याशा पुरस्काराच्या कार्यक्रमाला जाऊन आला. पुरस्कार अर्थातच दुसऱ्याला होता. त्या माणसाने आपलं उपाशी, मार खाल्लेलं लहानपण लिहिलं होतं आणि सभागृह म्हणे डोळे पुसत होतं. हा आला तो थेट माझ्याकडे. चहा पुढे ठेवला, तो तसाच निवला. मशीनशी उभा राहून म्हणतो कसा, "ताई, आपल्या लहानपणात काहीच कसं नाही गं?"

"काहीच म्हणजे?"

"म्हणजे दुःख वगैरे."

मी पायाखालचं मशीन थांबवलं. म्हटलं, "आई गेली की रे आपली. नऊ वर्षांचा होतास तू."

"ती आजाराने गेली," तो म्हणाला. "त्यात काय आहे?"

त्यात काय आहे! त्याच वेळी हातातला मापाचा गज डोक्यात घालायला हवा होता. नाही घातला, तिथेच चुकलं.

चौथी कादंबरी दोन वर्षांनी आली. या वेळी त्याने दुःख घरीच तयार केलं होतं, आणि त्याला कच्चा माल म्हणून बाप सापडला. पुस्तकातला बाप घड्याळजी. दारू पितो, गिऱ्हाइकांची घड्याळं भिंतीवर फेकतो, आईला मारतो. आणि ज्या प्रकरणाचं पुढे एवढं कौतुक झालं त्यात मुलगा वही मागतो, तेव्हा बाप त्याचा तळहात तापलेल्या इस्त्रीवर दाबून धरतो.

आता खरं ऐका. माझ्या भावाच्या उजव्या तळहातावर डाग आहे. सात वर्षांचा असताना आईने शंभरदा सांगूनही त्याने इस्त्रीवर हात टेकवला, खोडी म्हणून. किंकाळी दुकानापर्यंत गेली. बाबा दुकान उघडं टाकून धावत आले, याला खांद्यावर टाकलं आणि दवाखान्यापर्यंत पळाले. वाटेत एक चप्पल निसटली, ती घ्यायलाही थांबले नाहीत. मी मागून ती चप्पल घेऊन धावत होते, म्हणून मला पक्कं माहीत आहे. नंतर महिनाभर त्यांनी याला स्वतःच्या हाताने घास भरवला. आणि दारू? बाबांना खोकल्याचं औषध घेतलं तरी गरगरतं.

पुस्तकाच्या मागे छापलं होतं, 'लेखकाच्या जगण्यातून उतरलेली कादंबरी'. वर्तमानपत्रात मुलाखत आली. वडील आज हे वाचून काय म्हणाले असते, असं विचारल्यावर याचं उत्तर, "ते आता नाहीत." मी ते वाचलं तेव्हा, जे आता नाहीत ते मागच्या खोलीत पांढरी बटणं निवडत बसले होते.

मी लगेच फोन लावला. "बाबा नाहीत?"

"अगं ताई, ते वाङ्मयीन अर्थाने."

मी म्हटलं, "वाङ्मयीन अर्थाने तुझ्या कानाखाली आवाज काढू का?" त्याने फोन ठेवला.

पण खरी पंचाईत पुढेच होती. बाबांना पुस्तकाची जाहिरात पाहिलेल्या शेजाऱ्याकडून कळलं की पोराच्या पुस्तकात घड्याळजी आहे. झालं! त्यांनी हट्टच धरला, वाचून दाखव. आज शिलाई आहे, उद्या डोकं दुखतंय, असं करत मी आठवडा काढला. शेवटी ते म्हणाले, "माझ्यावर लिहिलंय ना गं त्याने? मग मला ऐकायला नको?"

मी पुस्तक उघडलं. पहिलीच ओळ बापाच्या तोंडाच्या वासाची होती. माझ्या तोंडून निघालं, "माझे बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. बंद पडलेलं घड्याळ ते आधी कानाला लावत आणि मगच उघडत."

आणि मग तेच सुरू झालं. रोज दुपारी जेवणानंतर अर्धा तास. सातवी शिकलेली मी, पुस्तक समोर धरून मनचं वाचायचे. पानंसुद्धा वेळेवर उलटायचे, कारण बाबांचे कान तिखट. आईचं आजारपण सांगितलं, दुकान सांगितलं, बाबा रविवारी आम्हाला घड्याळातली चाकं मोजायला बसवायचे ते सांगितलं. हाताचा प्रसंग आला तेव्हा तोही झाला तसा सांगितला, निसटलेल्या चपलेसकट.

बाबांनी हात पुढे करून मला थांबवलं. मग म्हणाले, "चप्पल आठवते त्याला?"

"लिहिलंय इथे," मी म्हटलं.

"मला वाटायचं त्याला काहीच आठवत नाही. कधी दोन शब्द बोलत नाही ना माझ्याशी." त्या दिवशी त्यांनी बटणांना हात लावला नाही. बाहेर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला चपलेचं सांगत होते.

तेव्हा मी ठरवलं, काय वाटेल ते होवो, या माणसाला खरं पुस्तक कळता कामा नये. बाबा आहेत तोवर कळता कामा नये. दारात कुणी आलं की मी मशीन थांबवून कान द्यायचे, कुणी एखादं वाक्य बोलून गेलं तर? पण आमच्या गल्लीत पुस्तक वाचलेलं कुणी नव्हतं. लेखकरावांच्या अपयशाचा घराला झालेला तेवढाच फायदा.

आणि त्या पुस्तकाला पुरस्कार मिळाला. रविवारी सकाळी सभागृहात कार्यक्रम. बाबांनी शनिवारपासून कोट काढून ठेवला. मी म्हटलं गर्दी असते, म्हटलं पायऱ्या खूप आहेत, म्हटलं मलाच बरं नाही. पालथ्या घड्यावर पाणी. "त्याने माझ्यावर लिहिलंय," एवढंच त्यांचं पालुपद.

मी शनिवारी कचेरीत गेले, रांगेत उभी राहिले आणि माझा नंबर आल्यावर खिडकीतून त्याला सांगितलं, "उद्या बाबा येणार आहेत."

त्याचा चेहरा पडला. "कशाला?"

"बाप आहे तुझा."

"हळू बोल गं!" त्याने मागे पाहिलं. "मी सगळीकडे सांगून बसलोय."

"ते तू आणि तुझं नशीब. मला एकच सांग, उद्या तू ते हाताचं प्रकरण वाचणार नाहीस ना?"

"परीक्षकांनी तेच मागितलंय, ताई."

"दुसरं वाच. आईचं वाच."

"दुसऱ्या प्रकरणांत तेवढी ताकद नाही."

"अरे, त्यांना कळेल रे," मी म्हटलं. मी आजवर त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं. मागून रांगेतला माणूस कुरकुरायला लागला, तेव्हा तो म्हणाला, "बरं, बघतो." आमच्या घरात 'बघतो' म्हणजे नाही.

आम्ही मुद्दाम शेवटच्या रांगेत बसलो, दाराजवळ. भाषणं झाली. मग लेखकराव उठले, चष्मा पुसला आणि त्यांनी तेच प्रकरण वाचलं. नुसतं वाचलं नाही, वहीचं वाक्य आल्यावर उजवा हात वर करून लोकांना डाग दाखवला. पुढच्या रांगेतून हळहळ ऐकू आली. एका बाईने पदर तोंडाला लावला.

बाबांचा हात माझ्या हातात होता. तो आधी घट्ट झाला, मग सैल पडला. मी त्यांच्या कानाशी म्हटलं, "बाबा, चला, उठा."

"थांब," ते म्हणाले. "मधेच उठलं तर वाईट दिसेल. त्याचं पूर्ण होऊ दे."

पूर्ण झालं. टाळ्या थांबेनात. मी बाबांना दारापर्यंत आणलं तोवर गर्दीसुद्धा दारात आली आणि लेखकराव तिच्या मधोमध, मानचिन्ह छातीशी धरून. वर्तमानपत्रातली एक पोर वही घेऊन सगळ्यांच्या प्रतिक्रिया विचारत होती. बाबांचे डोळे वाहत होते, ते तिने पाहिलं.

"आजोबा, फार भिडलं का तुम्हाला? तुम्ही लेखकांचे कोण?"

माझा भाऊ दोन हातांवर होता. त्याचा रंग उडाला. मी तोंड उघडलं, सगळं सांगायला, अगदी पहिल्या हेडक्लार्कपासून. बाबांनी माझं मनगट दाबलं.

"कोणी नाही," ते म्हणाले. "मी घड्याळं दुरुस्त करायचो. या बाईंनी आणलं म्हणून आलो."

मी भावाकडेच पाहत होते. मला वाटलं, आता तरी. आता तरी हा पुढे होईल, म्हणेल की हे माझे बाबा आहेत. आणि तो पुढे झाला की! सगळ्यांच्या देखत त्याने बाबांचं कोपर धरलं आणि म्हणाला, "आजोबा, पायरी आहे. सांभाळून."

आजोबा! बसमध्ये परक्या म्हाताऱ्याला जागा देताना म्हणतात ते. ज्याच्या खांद्यावरून तू दवाखान्यात गेलास त्याला!

बाबांनी पायाने पायरी चाचपली. मग आवाजाच्या दिशेने मान वळवून म्हणाले, "छान वाचलंत तुम्ही."

तुम्ही. पोटच्या पोराला. त्या पोरीने तेवढं लिहून घेतलं आणि माझा भाऊ, खोटं नाही सांगत, हसला. सुटका झाल्यासारखा हसला. त्या क्षणी मला त्याची एवढी किळस आली की धाकटा म्हणून ज्या हातांनी कडेवर घेतला होता ते हातसुद्धा नकोसे वाटले.

आम्ही टॅक्सीने निघालो. घर जवळ आल्यावर त्यांनी विचारलं, "तू रोज वाचायचीस ते कुठलं पुस्तक होतं गं?"

मी रडले, रागानेच जास्त. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि घर येईपर्यंत काढला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. लेखकराव.

"ताई, बाबा काही बोलले का नंतर?"

मला क्षणभर वाटलं, लाज आली असेल. माणूस आहे शेवटी.

"नेमकं काय म्हणाले?" तो पुढे म्हणाला. "त्यांच्याच शब्दांत सांग. थांब, पेन घेतो."

मी म्हटलं, "काही बोलले नाहीत," आणि फोन ठेवला.

बाबा बटणांच्या डब्याशी बसले होते. "कोण होतं?"

"तुमचा मुलगा. काल तुम्ही काय म्हणालात ते विचारत होता. लिहून घ्यायला."

"मग सांगायचंस की," बाबा म्हणाले. "त्याला पुढच्या पुस्तकाला उपयोगी पडेल."

"पडेल ना," मी म्हटलं. "म्हणूनच नाही सांगितलं."