वहिनीच्या बरबटीची उसळ

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधेच कुणी हसलं की मला पुढचं सांगवत नाही, आणि अर्धवट सांगितलं तर माझी निम्मीच लाज जाईल. जायची तर सगळी जाऊ दे, एकदाचा मोकळा होतो.

आधी मी माणूस कसा ते ऐका. पुण्यात एका कारखान्याच्या सुरक्षा विभागात मी नोकरीला होतो. आग लागली तर कुठल्या दारानं पळायचं, भूकंप झाला तर कुठल्या टेबलाखाली बसायचं, हे लोकांना सांगून सांगून माझे केस पिकले. त्या सगळ्या वर्षांत ना आग लागली ना भूकंप झाला. नोकरी गेली ती मात्र कुठलीही पूर्वसूचना न देता.

आता या वयात माणसानं काय करावं? मला एकच गोष्ट येत होती, लोकांना घाबरवणं. आणि लॉकडाऊननंतर शहरातली माणसं आधीच घाबरलेली. दुकानं बंद झाली तर खाणार काय, हा प्रश्न विचारला की भल्याभल्यांचे चेहरे उतरतात. मी ठरवलं, दारव्ह्याजवळ आपलं गाव आहे, दादा-वहिनीची शेती आहे. शहरातल्या नवशिक्यांना इथं आणायचं आणि संकटात दुकानाशिवाय कसं जगायचं ते शिकवायचं. शिकवणार कोण? मी. ज्यानं गाव सोडल्यापासून विळासुद्धा हातात धरला नव्हता, तो मी.

वहिनीला हे सांगितलं तेव्हा ती ज्वारी पाखडत होती. तिचं सूप थांबलं.

"म्हंजे लोकं पुण्याहून येतीन, अन् इथं येऊन उपाशी राह्यतीन?"

"उपाशी नाही वहिनी. दुकानाशिवाय राहायला शिकतील."

"दुकान तं आपल्या गावात तसंबी धड नाही. मंग आमाले कोनं शिकवलं, भाऊजी?"

दादा म्हणाला, "येऊ दे वं. सपरीत पंखा तं हाय." दादाच्या मते पाहुण्यांच्या सगळ्या प्रश्नांना ओसरीतला पंखा हे उत्तर असतं. ठरलं.

आता इथं तुम्हाला वहिनीच्या बरबटीबद्दल सांगायला पाहिजे. बरबटी म्हणजे तुमची चवळी. पण ही दुकानातली पांढरी चवळी नव्हे. बारीक दाणा, विटेच्या रंगाचा. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मारेगावकडच्या माहेराहून पदराला बांधून ते बियाणं घेऊन आली होती. पावसानं महिनाभर दडी मारली तरी या वेलाला शेंगा लागायच्या. पेरणीच्या आधी गावातल्या आणि नाल्यापलीकडच्या बंजारा तांड्यातल्या बाया ओंजळभर बियाणं न्यायच्या, पीक आलं की परत आणून द्यायच्या. पुढे वहिनीच्या माहेरी सगळीकडे सोयाबीन झालं आणि तिथली बरबटी संपली. बायाही वहिनीचं परत केलं की उरलेल्या शेंगा खाऊन मोकळ्या होत, बियाण्याला वहिनी आहेच म्हणून. म्हणजे असं बघा, ते बियाणं आता एकाच घरात उरलं होतं. आमच्या.

आणि मी ते शिजवलं.

थांबा, बोलू नका. सांगतो.

शिबिर ठरलं आणि नेमकं मारेगावला वहिनीच्या भाचीचं लग्न निघालं. दादा आणि वहिनी दोघंही निघाले. काळीपिवळी जीपमध्ये पाय ठेवता ठेवता वहिनीनं सूचना दिल्या. गाईला पाणी, मांजरीला भाकर, विहिरीच्या मोटरचं बटण ओल्या हातानं दाबायचं नाही. शेवटी म्हणाली, "घरात जे हाय ते तुमचंच हाय, भाऊजी. पाव्हण्याइले कमी पडू देऊ नोका." बियाण्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. कशाला बोलेल? या घरात जन्मलेल्या माणसाला ते सांगायचं असतं का?

पाहुणे आले. सहा जण. त्यातल्या दोघांचीच ओळख करून देतो, कारण माझ्या छातीवर तेच दोघं बसलेत. एक साठे काका, निवृत्त. त्यांच्या पाठीवरच्या पिशवीत दोर, बॅटरी, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या असं सगळं होतं, आणि गळ्यात शिट्टी. दुसरी मृण्मयी, वय तिशीचं, मोबाइल कायम चित्रीकरणाला उभा. ती मला दर वाक्याला "सर" म्हणायची. मला ते फार आवडायचं, आता तो शब्द ऐकला की मी खाली बघतो.

पहिल्या दिवशी विहिरीजवळची चिवळ खुडून भाजी केली, चुलीवर भाकरी जाळल्या, सगळे खूश. संध्याकाळी मी कारखान्यातला जुना मंत्र दिला. म्हणालो, "उद्या सराव आहे. पण मी त्याला सराव म्हणणार नाही. मी म्हणेन खरं आहे. मी कितीही रडलो-पडलो तरी तुम्ही संकट खरं समजून वागायचं आणि सराव मोडायचा नाही." हे वाक्य तेवढं लक्षात ठेवा. माझ्या गळ्याचा फास मीच विणत होतो आणि साठे काका माना डोलावत होते.

दुसऱ्या दिवशी घोषणा केली. रस्ता तुटला, दुकानं बंद, घरात शोधा आणि शिजवा. आता डाळीचा डबा समोर होता. ज्वारीची कोठी समोर होती. पण मृण्मयीला समोरचं कसं दिसेल? ती चुलीमागच्या कोपऱ्यात शिरली.

"सर, ही मडकी कसली?"

दोन मडकी, तोंडं शेणामातीनं लिंपून बंद केलेली. लहानपणी आईच्या अशाच मडक्याला हात लावला म्हणून तिनं माझ्या पाठीत धपाटा घातला होता. खरं सांगतो, मडकं हातात घेतल्यावर मला तो धपाटा आठवला. पाठसुद्धा दुखल्यासारखी झाली. पण मला वाटलं, गावाकडच्या आठवणींनी मन भरून आलंय.

मी मडकं उंच धरलं आणि व्याख्यान दिलं. "हेच ते. गावाची खरी आपत्कालीन तयारी. वाईट दिवसांसाठी घरातली बाई धान्य असं बंद करून ठेवते. आतमध्ये राख असते, त्यानं कीड लागत नाही." शब्द न् शब्द बरोबर होता. वाईट दिवसांसाठीच होतं ते, आणि वाईट दिवस म्हणजे मीच, एवढंच ध्यानात आलं नाही.

उलथन्यानं लेप फोडला. राख चाळली. बरबटी धुतली, चुलीवर चढवली, वरून लसणाची फोडणी. काय सांगू, अशी उसळ मी जन्मात खाल्ली नव्हती. सगळ्यांनी दोनदा वाढून घेतली. मृण्मयीनं विचारलं, "सर, हे बी कुठं मिळेल?" मी अभिमानानं म्हणालो, "अख्ख्या तालुक्यात कुठंही मिळणार नाही." बोलून झाल्यावर आणखी एक घास घेतला. इतका गाढवपणा एका माणसाच्या अंगात मावतो कसा, हा मला आजही प्रश्न आहे.

बरं, एवढ्यावर थांबावं? दुसरं मडकंही फोडलं. सकाळच्या नाश्त्याला मोड आणू म्हणून दुपारीच सगळंच्या सगळं भिजत घातलं आणि रात्री फडक्यात बांधलं.

सकाळी दारात चंद्रीबाई उभी. नाल्यापलीकडच्या तांड्यातली, वहिनीच्या वयाची, आवाज असा की म्हशी वळून बघतात.

"बाई कुठी हाय, भिया?" त्यांच्या बोलीत भावाला भिया म्हणतात.

"मारेगावले गेली, लग्नाले."

"मंग तुमीच काढून द्या. बरबटीचं बियाणं पायजे. आभाळ भरून राह्यलं, आता दाने टोबाच लागते."

बियाणं. तो शब्द कानात पडला आणि आईचा धपाटा कशासाठी होता ते आत्ता कळलं. मी मागे वळून पाहिलं. अंगणात मृण्मयी परात मांडीवर घेऊन बसली होती आणि इवलेसे मोड आलेल्या बरबटीवर लिंबू पिळत होती.

चंद्रीबाईनंही पाहिलं. "हे काय होय?"

"नाश्ता," मी म्हणालो.

"अन् दुसरं मडकं?"

"ते काल."

"काल काय?"

"उसळ."

"पुरी?"

"चांगली झाली होती," मी म्हणालो. घाबरला की माणूस काय बोलेल याचा नेम नाही.

चंद्रीबाई मटकन खाली बसली. "ये याडी," म्हणून तिनं आपल्या मेलेल्या आईला हाक मारली आणि कपाळावर हात मारून घेतला. "घरचं बियाणं खाल्लं वो तुमी! दुष्काळात नाही खाल्लं आमच्या मायनं, उपाशी झोपली पन मडक्याले हात नाही लावला. तुमाले काय झालतं? दाळ नव्हती घरात?"

आणि मागून टाळ्या पडल्या.

सहाही जण उभे राहून टाळ्या वाजवत होते. साठे काकांनी शिट्टी फुंकली. "टप्पा दुसरा. बियाणं संपलं. सगळ्यांनी एकत्र या." मृण्मयी मोबाइल घेऊन चंद्रीबाईसमोर बसली. "ताई, किती खरं वाटतंय. परत एकदा म्हणाल? मघाशी वाऱ्याचा आवाज आला."

चंद्रीबाई मला म्हणाली, "हे लोकं बिमार हायेत काय?"

मी ओरडलो, "हा सराव नाही. हे खरं आहे. या घरातलं शेवटचं बियाणं आपण खाल्लंय."

"बघा," साठे काका इतरांना म्हणाले, "सर म्हणाले होते ना, ते असंच म्हणतील म्हणून."

माझा आवाज फाटला, डोळ्यांत पाणी आलं. त्यावर पुन्हा टाळ्या. एकानं तर खिशातून रुमाल काढून डोळे पुसले आणि म्हणाला, पैसे वसूल. मी त्या अंगणात उभा होतो आणि जगात एकही माणूस नव्हता ज्याला मी खरं बोलतोय हे पटवून देता आलं असतं. चंद्रीबाई सोडून. आणि तिला पटलंय याचंच दुःख जास्त होतं.

मग एक आशा सुचली. मोड आलेत तर आत्ताच लावून टाकू. परातीतली मीठ-लिंबाची बरबटी तीनतीनदा धुतली, फडक्यातली शिल्लक होती ती वेगळी घेतली. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या कडेनं हातानं खड्डे करत आम्ही एकेक दाणा टोबला. जमीन तापलेली, म्हणून विहिरीवरून कळशीनं पाणी. साठे काकांनी शिट्टीवर रांग चालवली. पाहुणे मातीत माखले, भाजून निघाले, आणि आयुष्यात इतकं समाधान मिळालं नव्हतं असं म्हणाले. जाताना मला मिठी मारून गेले. भरलेलं आभाळ तसंच वांझोटं निघून गेलं. दोन दिवसांत निम्मं मुंग्यांनी नेलं, राहिलेल्यातलं बरंचसं पाखरांनी टिपलं. मी धुऱ्यावर उभा राहून हातवारे करत होतो आणि कावळे माझ्याकडे ओळखीनं बघत होते.

वहिनी परत आली ती फाट्यावर उतरल्या उतरल्या चंद्रीबाईला भेटूनच. घरात शिरली, थेट चुलीमागे गेली. दोन्ही मडकी तिथं पालथी घातलेली होती. पाहुण्यांनी जाताना घासून लख्ख केली होती.

"धुतले बी?" ती एवढंच म्हणाली आणि तिथंच बसली. लग्नातलं नवं लुगडं राखेत गेलं तरी उठली नाही.

मी म्हणालो, "वहिनी, तुम्ही सांगितलं नव्हतं."

"खरं हाय, भाऊजी. नाही सांगतलं. चुलीत हात घालू नोका, हेबी नव्हतं सांगतलं."

 त्यानंतरही ती मला जेवायला वेळेवर वाढायची, गरम वाढायची, तूप घालून वाढायची. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. एकदा गोठ्यामागे जाऊन मी रडलो. गाय बघत होती, तिलाही माझं काही विशेष वाटलं नाही.

धुऱ्यावर मोजके वेल जगले. वहिनीनं त्यांना बोराटीच्या काट्यांचं कुंपण केलं. एक हिरवी शेंग कुणाला तोडू दिली नाही. त्या वर्षी तांड्यातल्या बायांनी दुकानातलं बियाणं आणलं, आणि पावसानं ताण दिला तेव्हा ते वाळून गेलं. चंद्रीबाई रस्त्यात भेटली की मी रस्ता सोडून नाल्यात उतरायचो. वर्षाअखेर वहिनीच्या हाती जेवढं बियाणं आलं ते एका वाटीत मावत होतं.

तुम्हाला वाटेल शिबिर बंद पडलं असेल. कुठलं? मृण्मयीच्या त्या चित्रफितीनं पुढच्या उन्हाळ्यात दुप्पट माणसं आली. सगळ्यांना "तो बियाणं संपल्याचा प्रसंग" बघायचा होता. वहिनी म्हणाली, आता शिकवायचं ते मी शिकवीन, तुमी पानी भरा. मी पाणी भरत होतो.

अंगणात वहिनी पाटावर, समोर पुण्याची मंडळी. त्यातल्या एकानं विचारलं, "काकू, संकट यायच्या आधी घरातली कुठली वस्तू सुरक्षित जागी हलवायची?"

"बियाणं," वहिनी म्हणाली. "आमी तं कवाच हलवलं. तांड्यावर, चंद्रीबाईच्या घरी ठेवलं हाय."

"का? इथं पुराचा धोका आहे?"

"नाही जी. नाल्याचं पानी इथवर कधी आलं नाही."

"मग आगीचा?"

"आगीचाबी नाही." वहिनीनं हनुवटी माझ्याकडे उडवली. माझ्या दोन्ही हातांत कळश्या होत्या. "आमचे भाऊजी कायमचे राहाले आले ना इथं."