भावोजींचं उणे चिन्ह

माणसाने आयुष्यात जेवढं म्हणून हादरायचं असतं, तेवढं मला एकट्या भावोजींनी हादरवून ठेवलं आहे. डिचोलीच्या कॉलेजात जन्मभर भौतिकशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले आणि कोरगावात माझ्या ताईच्या जिवाला घोर लावायला मोकळे झाले. काजू वेचायला बागेत जात आणि भरली टोपली झाडाखालीच ठेवून डोक्यात अणू घेऊन परत येत. अतिथंड अणू, तेही दोन प्रकारचे. "एक बोसॉन," ते मला सांगत, "थंडी वाढली की सगळे एकाच पाटार बसतत. दुसरे फर्मिऑन. तेंका एका पाटार दुसरो चलना नाय. बोसॉन म्हंजे तुझी ताई, फर्मिऑन मी." ते खरंच होतं. ताईच्या पडवीत अख्खी वाडी जमे, आणि भावोजींच्या खुर्चीवर मांजर बसलं तरी ते त्याला लगेच उठवून लावत. एकदा तर चार पाहुण्यांना त्यांनी चार खोल्यांत पानं मांडली. मी चौथ्या खोलीत, भातकणगीशेजारी, थक्क होऊन जेवलो.

हे दोन्ही अणू एकत्र ठेवून त्यांच्यातली ओढाताण वाढवत नेली, तर उष्णतेचा लवलेश नसतानाही सगळ्या मिश्रणाचं रूप पालटतं म्हणे. ते पालटल्यावर दोघं एकत्र राहतात की नाही, हे भावोजी बारा वर्षं शोधत होते. माजघराच्या भिंतीवर, कोळशाने. "कागद हरवता. भिंत खय जातली?" चवथीआधी घर रंगवायचं, तर ताई रंगाऱ्याला तेवढी भिंत सोडायला लावी. वर्षभर त्या काळ्या भिंतीवरून भावोजींना बोलणारी ताई गणपतीला आलेल्या माणसांना मात्र बजावी, "हात लावू नकात. तेंचा गणित आसा."

यंदा चवथीआधी मी गेलो, तर भावोजी स्वतःच कुंचला घेऊन ती भिंत पांढरी करत होते. "हे काय?" मी ओरडलोच.

"पयल्याच वळीत उणे चिन्ह सुटलला," ते शांतपणे म्हणाले.

"म्हंजे ती दोगां एकत्र रवनत नाय?" ताईने विचारलं.

"एका हद्दीपर्यंत रवतत. मगे वेगळी जातत."

ताई बसली ती नेमकी त्यांच्या खुर्चीवर, आणि रडू लागली. भावोजींनी तिला उठवलं नाही. मला मिळालेला तो सगळ्यात मोठा धक्का.

तेव्हापासून त्यांनी काही लिहिलेलं नाही. त्यांना नुसतं बसलेलं पाहून मला फार वाईट वाटतं. परवा त्या कोऱ्या भिंतीवर कॅलेंडर लावायला मी खिळा घेतला, तर ताईने माझा हात धरला.

"रवांदे," ती म्हणाली. "तेंका परत लागतली."