उंदीरमामांचा डाळिंबाचा डबा

संस्थेतली सगळी माणसं त्यांना उंदीरमामा म्हणत, आणि त्यांना ते मनापासून आवडे. प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीतल्या पांढऱ्या उंदरांची देखभाल त्यांच्याकडे होती. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या भरायच्या आणि जाता-येता प्रत्येकाची विचारपूस करायची. हे शेवटचं काम त्यांना कुणी नेमून दिलं नव्हतं, पण तेच ते सगळ्यात मन लावून करत.

सध्या तिथे ताईंचा प्रयोग चालू होता. ताई म्हणजे डॉक्टरेटसाठी राबराब राबणारी, चष्मा केसांत खोचून तोच खोलीभर शोधणारी मुलगी. उंदरांना गुंगी देऊन त्यांच्या मानेतली रक्तवाहिनी आतून किंचित खरचटवली होती. निम्म्यांना डाळिंबाच्या सालीतून काढलेला एक पदार्थ पाण्यातून मिळे, उरलेल्यांना नुसतं पाणी.

"लोखंडाला गंज चढतो ना मामा, तशी जखमेपाशी पेशींची नासाडी होते," ताईंनी समजावलं होतं. "या पदार्थानं ती थांबते का, रक्तवाहिनी लवकर भरून येते का, ते बघायचंय. फरक दिसला नाही तर सर काम बंद करणार आहेत."

मामांना यातलं अर्धंच कळलं, आणि जे कळलं त्यानं त्यांचं डोकं फिरलं. जखम सगळ्यांना आणि औषध निम्म्यांनाच? गेल्या वर्षी त्यांच्याही हृदयाच्या नळीत फुगा फुगवून स्प्रिंग बसवली होती. तेव्हा शेजारच्या खाटेला औषध आणि आपल्याला नुसतं पाणी मिळालं असतं तर? हा शुद्ध पंक्तिप्रपंच होता, आणि मामांच्या राज्यात तो चालणार नव्हता.

इलाज डब्यातच होता. हृदयाला चांगलं म्हणून मामी रोज त्यांना अर्धं डाळिंब देई, बाजारातून निवडून निवडून आणलेलं. पण मामांना नवी कवळी बसली होती, आणि दाणा तिच्याखाली गेला की त्यांना ब्रह्मांड आठवे. मग काय, साध्या पाण्यावाल्यांची चंगळ झाली. दाणे, साल, पापुद्रे, सगळं फस्त! संध्याकाळी मामी डबा उघडून विचारी, "संपवलंत?"

"एक दाणा उरला नाही," मामा सांगत. यात खोटं म्हणून काही नव्हतं.

निकालाच्या दिवशी ताई तपासणी संपवून मागच्या खोलीत आल्या, भुशाच्या पोत्यावर बसल्या आणि रडायलाच लागल्या.

"संपलं सगळं, मामा. दोन्ही गट सारखेच निघाले. साध्या पाण्यावाल्यांच्या रक्तवाहिन्यासुद्धा मस्त भरून आल्यात."

"सगळेच बरे झाले?" मामांनी टाळी वाजवून अशी गिरकी घेतली की पायाशी असलेली बादली कलंडली. "अहो, मग रडता काय! मी काय उगीच डाळिंब भरवत होतो होय त्यांना?"

ताईंचं रडणं मध्येच अडकलं. "काय भरवत होतात?"

"डाळिंब. रोज. सालीसकट."

"मामा! त्यांना काही द्यायचंच नव्हतं! आता तुलना कशाशी करू मी?"

पोरीच्या कष्टांवर आपणच पाणी फिरवलं! मामांनी खिशातून खोलीची किल्ली काढली. "चुकलं ताई. सरांना मीच सांगतो. ही घ्या."

पण ताईंचं लक्ष किल्लीकडे नव्हतंच. त्यांना आधी हुंदका आला, मग उचकी, मग हसू, आणि ते काही केल्या थांबेना. "म्हणजे माझा पदार्थ फुकट गेला नाही! सिद्ध काहीच झालं नाही, पण फुकटही गेला नाही!" त्यांनी मामांचे दोन्ही हात धरून त्यांना सांडलेल्या पाण्यातच गरागरा फिरवलं. गोंधळ ऐकून सर आले. हकीकत कळल्यावर त्यांनी डोक्याला हात लावला, बराच वेळ भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, आणि त्यांचे खांदे गदगदा हलू लागले. प्रयोग नव्यानं करायचं ठरलं. किल्ली मामांकडेच राहिली. डबा मात्र दाराबाहेर.

घरी मामांनी हसत हसत सगळं सांगितलं. मामी हसली नाही.

"सगळे उंदीर बरे झाले?"

"सगळे!"

"पंक्तिप्रपंच नको म्हणता, आणि पंगतीतून स्वतःलाच उठवलंत?" मामीचा आवाज कापला. "तुम्हाला काही झालं तर मी कुणाकडे बघायचं हो?"

मामांनी कवळी काढून वाटीत ठेवली आणि डाळिंबाचे दाणे मूठमूठ तोंडात कोंबले. हिरड्यांनी चावता चावता सदरा लाल झाला, हनुवटी लाल झाली.

"एक दाणा उरला नाही," ते बोळक्या तोंडानं म्हणाले.

मामीनं डोळे पुसले आणि त्यांची हनुवटी धरली. "आ करा."

मामांनी आ केला.