जेवणवेळेला बघितलेलं कॉलेज

अकरावी-बारावीची दोन वर्षं मी बारामतीच्या कॉलेजात डबा एकटीनं खाल्ला. जिन्याखाली, झाकण अर्धं पुढं ओढून. कुणी आलं की झटकन बंद. पहिल्या दिवशी डबा घेऊन एका बाकाजवळ गेले होते. "इथं बसलंय कुणीतरी," पोरी म्हणाल्या. कुणीसुद्धा बसलेलं नव्हतं! परत विचारायची माझी छाती झाली नाही. तशी मी तोंडाची फटकळ, आमच्या गावात, लासुर्ण्यात, अख्ख्या गल्लीला पुरून उरणारी. कॉलेजात मात्र वाचाच बसायची.

घरी झाकली मूठ. आई विचारायची, "मैत्रिणी काय म्हणत्यात?" मी म्हणायची, "मजेत हायत की."

बारावीची परीक्षा संपली आणि दादा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "आता फुडचंबी तितंच. वळखीचं हाय." त्याच पोरी, तोच जिना, आणखी तीन वर्षं! "मला इंदापूरला घाला," मी म्हणाले. का, ते काही सांगता येईना.

आत्या आमच्याकडंच राहायची. घरातल्या सगळ्या पोरींची स्थळं तिनं पारखलेली. तिची रीत एकच: जेवणवेळेला जायचं, न सांगता. "पाव्हणं येणार म्हटल्यावर कुणीबी चांगलंच वागतंय," ती म्हणायची. "ताटावर बसताना कोण कुणाला हाक मारतंय, ते बघावं." दादांना तिनं ठणकावलं, "कॉलेजबी तसंच बघू. पोरीला तीन वर्षं नांदायचं हाय तितं."

दुसऱ्या दिवशी डबा बांधून आम्ही दोघी इंदापूरच्या एसटीत. वाटभर मला धाकधूक. आत्यानं पदर खोचून कुणाला भलतंच काही विचारलं तर? आणि तिथंही तसंच निघालं तर मी जायचं कुठं?

कॉलेजात पोचलो तोवर मधली सुट्टी झाली. झाडाखाली पोरींची कोंडाळी जमली, हसणं-खिदळणं सुरू झालं. आत्या म्हणाली, "चल, आपुनबी बसू कुठंतरी." माझे पाय आपोआप इमारतीच्या मागं वळले, जिन्याकडं. जिन्याखाली एक मुलगी एकटीच जेवत होती. आमची चाहूल लागताच तिनं डब्याचं झाकण लावलं.

आत्यानं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"तू गं कुठं जेवत हुतीस दोन वर्षं?"

मला रडूच फुटलं. "आगं बया," आत्या म्हणाली आणि माझा हात धरून नुसती उभी राहिली.

फॉर्मवर मी इंदापूरच घातलं. दादांना आत्यानं गप्प केलं. मी मनात म्हटलं, चला, जिन्याखाली निदान दोघी तरी असू.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी सुट्टी होताच मी जिन्याखाली पळाले. कुणी नव्हतं. ती तेव्हा शेवटच्या वर्षाला असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वेडीच मी! साधं नावसुद्धा विचारलं नव्हतं. पायरीवर बसले, डबा उघडला.

तेवढ्यात पावलं वाजली. हात सवयीनं झाकणाकडं गेला. एक मुलगी डोकावली, तिच्या हातात डबा. मला बघितलं आणि मागं फिरली.

ही पण नाही म्हणाली तर? तरी मी ओरडलेच, "अगं ए! हितं कुणी बसलेलं न्हाय!"